ब्रेकर फिरतो, पण ठोका बसत नाही? आधी डस्ट कॅप बघा

शिरूर-दौंडकडे ब्रेकर भाड्याने देत असाल तर हे वाचाच. मोटर नीट फिरतेय, ठोका मात्र नाही. गिऱ्हाईक म्हणतं, कॉइल गेली. थांबा! आत पिस्टन हवा दाबतो, ती हवा स्ट्रायकरला ढकलते. ओ-रिंग झिजली की हवा निसटते. आणि झिजवतं कोण? आपल्या काळ्या दगडाची धूळ. फाटक्या डस्ट कॅपमधून ती ग्रीसमध्ये मिसळते, मग तेच ग्रीस पॉलिश पेपरसारखं घासतं. स्लॅब खालून फोडताना तर धूळ थेट तोंडातच पडते. छिन्नीचा दांडा पुसून, बोटभर ग्रीस लावूनच बसवा. गिअरबॉक्समध्ये मात्र ठासून भरू नका, तापल्यावर सीलमधून बाहेर येतं. मशीन परत आलं की डिपॉझिट देण्याआधी कॅप बघायची.