अनवाणी संघांची कहाणी : भारत आणि घाना

(बी. ए. भाग दोन)

फुटबॉल हा शब्द आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कोणाला अपरिचित नाही; परंतु त्या खेळाचा एखादा रीतसर सामना प्रत्यक्ष पाहिलेले लोक फारच थोडे. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि गल्लोगल्लीचे क्रिकेट, एवढ्यावर आपली क्रीडासृष्टी संपते. असे असता महाविद्यालयाच्या वार्षिकांकात फुटबॉलवर, आणि तेही पश्चिम आफ्रिकेतील एका देशाशी तुलना करून लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. प्रयोजन इतकेच की, भारत आणि घाना हे दोन्ही देश इंग्रजांच्या अमलाखाली होते, दोघांचेही खेळाडू विलायतेत प्रथम उतरले ते बहुतांशी अनवाणी पायांनी, आणि त्या काळी आपण त्यांच्या पुढे होतो. मग मागे का पडलो? विचारले की उत्तर तयार असते : गरिबी. हे उत्तर मला पटत नाही.

स्वतंत्र भारताचा संघ १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये खेळला. कर्णधार होता तालिमेरेन आओ, नागा टेकड्यांतून आलेला एक वैद्यकीय विद्यार्थी. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात आपले बहुतेक खेळाडू पायांना केवळ पट्ट्या गुंडाळून मैदानात उतरले. सारंगपाणी रामनने बरोबरी साधली, दोन पेनल्टी मात्र वाया गेल्या आणि अगदी शेवटच्या क्षणी गोल होऊन आपण १-२ असे हरलो. यानंतर दोन वर्षांनी ब्राझीलमध्ये विश्वचषक भरला. भारताला त्यात जागा मिळाली होती. गटात इटली, स्वीडन आणि पॅराग्वे होते. आपण गेलो नाही. ‘अनवाणी खेळू देणार नाहीत म्हणून भारत गेला नाही’ ही गोष्ट आजही मोठ्या चवीने सांगितली जाते.

ही गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. अनवाणी पायांची अडचण एवढी मोठी असती, तर १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपले खेळाडू पुन्हा अनवाणी कसे खेळले असते? ते खेळले, आणि तिथल्या थंडीत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा दारुण पराभव पत्करून आले. बुटांची सक्ती झाली ती त्यानंतर. ब्राझीलला न जाण्याची खरी कारणे आपल्याच घरातली होती : संघनिवडीचे वाद, सरावाला अपुरा वेळ, आणि ऑलिंपिकपुढे विश्वचषकाला काहीच किंमत न देण्याची तेव्हाची समजूत. प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलायला यजमान ब्राझील तयार होता. म्हणजे पैशाचे कारणही पूर्ण खरे नव्हे. अनवाणी पायांवर दोष ढकलला की कोणाकडेच बोट दाखवावे लागत नाही, म्हणून ती गोष्ट टिकली असावी.

कारण मधल्या काळात, १९५१ मध्ये, याच संघाने दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवले होते. अंतिम सामन्यात मेवालालच्या गोलने इराणचा १-० पराभव झाला. संघाचे मार्गदर्शक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेब पेशाने शिक्षक. हैदराबाद पोलिसांचा संघ त्यांनी असा घडवला की, मुंबईच्या कूपरेज मैदानावरील रोव्हर्स चषक त्या संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे जिंकला. रोव्हर्स ही १८९१ मध्ये सुरू झालेली स्पर्धा. कलकत्त्याचे नामांकित संघ तिच्यासाठी मुंबईला येत. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाणारा लोहमार्ग आपल्या शेगाव, नांदुरा, मलकापूरवरून जातो. त्यांतले काही संघ तरी या मार्गाने गेले असतील. फुटबॉल आपल्या जिल्ह्यातून वर्षानुवर्षे गाडीत बसून गेला, पण आपल्या स्टेशनवर उतरला नाही, असे गमतीने म्हणावेसे वाटते.

रहीमसाहेबांच्या संघाचा खरा पराक्रम १९५६ साली मेलबर्नला दिसला, आणि त्याचा नायक आपल्या मुंबईचा होता. नेव्हिल डिसोझा याचे घराणे मूळ गोव्याचे, पण खेळ मुंबईच्या मैदानांवर बहरला. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. मध्यंतराला २-२ अशी बरोबरी होती. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात नेव्हिलने तिसरा गोल केला. ऑलिंपिकमध्ये गोलांची हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. भारत ४-२ असा जिंकला आणि ऑलिंपिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत पोचलेला पहिला आशियाई संघ ठरला. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल नेव्हिलचाच! पण पुढे त्यांनी चार गोल चढवले. तिसऱ्या क्रमांकासाठीच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असे हरवल्यामुळे पदक हुकले. त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्यांच्या यादीत नेव्हिलचे नाव आहे. ऑस्ट्रेलियाला तिच्याच भूमीवर नमवणारे म्हटले की आपल्या मुलांना क्रिकेटपटूच आठवतात. हा मुंबईकर १९८० मध्ये निवर्तला, आणि माझ्या वर्गात मी विचारले तेव्हा त्याचे नाव एकानेही ऐकलेले नव्हते.

शेवटचे शिखर १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गाठले गेले. राजकीय कारणांवरून तिथले प्रेक्षक भारतावर संतापलेले होते. जर्नेलसिंग डोक्याला टाके घातलेले असताना खेळला. मूळचा बचावपटू, पण रहीमसाहेबांनी त्याला आघाडीला पाठवले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर २-१ असा विजय मिळाला. गोल पी. के. बॅनर्जी आणि याच जर्नेलसिंगचे. या संघात मधल्या फळीत फोर्तुनातो फ्रँको हा गोमंतकीय खेळाडू होता. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते! रहीमसाहेब त्या वेळी कर्करोगाने आजारी होते. जून १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता घानाकडे वळू. १९४९ मध्ये नायजेरियाचा आणि १९५१ मध्ये ‘गोल्ड कोस्ट’चा, म्हणजे आजच्या घानाचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. दोन्ही संघांतील बरेच खेळाडू अनवाणी खेळले. गोल्ड कोस्टच्या त्या संघात चार्ल्स कुमी ग्यामफी नावाचा तरुण होता. ६ मार्च १९५७ रोजी देश स्वतंत्र झाला. राष्ट्रध्वजावर काळा तारा आला आणि राष्ट्रीय संघाचे नाव ‘ब्लॅक स्टार्स’ पडले. पंतप्रधान, व पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले क्वामे एन्क्रूमा यांनी फुटबॉलकडे राष्ट्रउभारणीचे साधन म्हणून पाहिले. ग्यामफी जर्मनीत फोर्टुना ड्युसेलडॉर्फ या संघाकडून खेळून, शिकून परतला आणि राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. १९६३ मध्ये सुदानला ३-० हरवून घानाने आफ्रिकेचा चषक जिंकला, १९६५ मध्ये ट्युनिशियाला त्यांच्याच देशात हरवून तो राखला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये घाना उपान्त्यपूर्व फेरीत पोचला. भारत मात्र तिथे पात्रच ठरला नव्हता. १९६० च्या रोमनंतर २०२४ च्या पॅरिसपर्यंत आपला पुरुष फुटबॉल संघ एकाही ऑलिंपिकमध्ये दिसला नाही.

१९६६ च्या विश्वचषकाची हकीकत तर मुद्दाम सांगण्याजोगी आहे. आफ्रिका, आशिया व ओशियानिया या तिन्ही खंडांना मिळून जागा ठेवली होती एकच. घानाच्या पुढाकाराने आफ्रिकेतील देशांनी स्पर्धेवर बहिष्कार घातला आणि परिणामी १९७० पासून आफ्रिकेला स्वतःची एक जागा मिळाली. आम्ही १९५० मध्ये गेलो नाही, तेही १९६६ मध्ये गेले नाहीत. पण ते का गेले नाहीत हे साऱ्या जगाला ठाऊक होते.

घानाचे सर्व काही आलबेल होते असे मुळीच नाही. फेब्रुवारी १९६६ मध्ये एन्क्रूमांची सत्ता उलथली, पुढे लष्करी राजवटी आल्या. २०१४ च्या विश्वचषकात खेळाडूंचे मानधन थकले, तेव्हा सरकारला तीस लाखांहून अधिक डॉलर रोख विमानाने ब्राझीलला धाडावे लागले. तरीही १९७८ आणि १९८२ मध्ये त्यांनी आफ्रिकेचा चषक पुन्हा मिळवला. १९८२ ला प्रशिक्षक तोच ग्यामफी, आणि संघात सतरा वर्षांचा अबेदी पेले! १९९१ व १९९५ मध्ये सतरा वर्षांखालील जगज्जेतेपद, १९९२ ला ऑलिंपिक कांस्य, २००९ ला वीस वर्षांखालील जगज्जेतेपद. मुख्य विश्वचषकात मात्र ते २००६ मध्येच प्रथम पोचले. २०१० मध्ये उरुग्वेच्या सुआरेझने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला, मिळालेली पेनल्टी असामोआ ग्यानने आडव्या दांडीवर मारली, आणि उपान्त्य फेरी हातची गेली. या सगळ्या यशापयशात एक धागा दिसतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे संघ तिथे सतत तयार होत राहिले.

आपल्याकडे नेमके हेच झाले नाही. देशातील सामने दीर्घकाळ नव्वदऐवजी सत्तर मिनिटांचे खेळवले जात. परदेशी संघांशी उरलेली वीस मिनिटे कोणाच्या जोरावर काढायची? राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू व्हायला १९९६ उजाडले, म्हणजे जकार्तानंतर चौतीस वर्षे. १९७० चे आशियाई कांस्य सोडले तर आशियाई स्पर्धेत पदक नाही. चांगले खेळाडू झालेच नाहीत असे नव्हे. गोव्याचा गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर १९८० च्या दशकात देशाचा कर्णधार होता. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय साखळी जिंकली, तेव्हा त्यांच्या आघाडीला घानाचाच युसिफ याकुबू होता. पण तो संघही २०१० मध्ये बंद करण्यात आला. महाराष्ट्रात हा खेळ लोकांनी स्वतःच्या बळावर जगवला असेल तर तो कोल्हापूरने. तिथे पेठांच्या तालमीच फुटबॉलचे संघ चालवतात, आणि पाटाकडील व खंडोबा या तालमींचा सामना असला की गाव शाहू स्टेडियमकडे लोटते.

त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपल्या आघाडीला खेळला. १२ ऑक्टोबरला दिल्लीत समोर उभा होता घाना. आपण ०-४ असे हरलो. दोन गोल एरिक अय्याचे, आणि शेवटचे दोन अखेरच्या पाच मिनिटांत झालेले. सहा दिवसांनी घाना आणि नायजर हे पश्चिम आफ्रिकेतले दोन संघ आमनेसामने आले ते आपल्या नवी मुंबईत. घानाने तो सामना २-० असा जिंकला.

त्या स्पर्धेच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र शासनाने दहा लाख विद्यार्थ्यांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला आणि शाळांना चेंडू वाटले. मी तेव्हा पाचवीत होतो. आमच्या शाळेतही चेंडू आले. पावसाने मैदानातली काळी माती पायाला चिकटत होती, चपला बाजूला काढून आम्ही सगळे अनवाणी धावलो. गोलाच्या खुणा म्हणून दप्तरे ठेवली होती. दिवाळीपर्यंत चेंडूंतली हवा उतरली. गावातल्या सायकलवाल्याकडे पंप होता, पण फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई नव्हती. ती चिखलीला मिळते असे कोणी सांगितले. आणायला कोणी गेले नाही. पुढे मी सातवीत गेलो तेव्हाही ते चेंडू कपाटावर तसेच होते, आणि मैदानावर आम्ही पुन्हा कबड्डीची रेघ आखली होती.