हे बाळसं नव्हे

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा आहे. वजन ५२ किलो, उंची १३० सेंटिमीटर. मानेवरचा काळेपणा घासूनही जात नाही, रात्री घोरतो. सासूबाई म्हणतात, ‘उंची वाढली की उतरेल.’ थांबावं का?

उत्तर : थांबू नका. त्याचा बीएमआय जवळपास ३१ येतो. या वयात हा तीव्र लठ्ठपणा आहे. मानेवरचा तो मळ नाही. इन्शुलिनला शरीर दाद देईनासं झालं की त्वचा अशी काळवंडते. बिचाऱ्याला घासणं आधी बंद करा! बालरोगतज्ज्ञांकडून साखर, यकृत, रक्तदाब तपासून घ्या. घोरण्याबद्दलही सांगा, कारण झोपेत श्वास अडत असू शकतो.

उपाशी ठेवू नका, वेगळं ताटही वाढू नका. बिस्किटं, फरसाण, कोल्ड्रिंक घरातच आणू नका, सासूबाईंसाठीसुद्धा. रोज तासभर मैदानी खेळ हवा. आता मैदान आहे कुठे, हा प्रश्न मात्र तुमचा एकटीचा नाही. देशात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या दोन फेऱ्यांत २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेलं. शाळेच्या फाटकाशी वेफर्स मिळतात, खेळाचा तास मात्र गणिताला जातो. पुढच्या पालकसभेत हे जरूर विचारा.