पदयात्रा दारात आली की: पायी प्रचाराचे नियम आणि आपला हक्क



निवडणूक आली की उमेदवार गाडीतून उतरतो आणि चालायला लागतो. निपाणीच्या पेठेतून, आठवडी बाजारातून, वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या गावांतून पदयात्रा निघतात. ढोल वाजतो, हात जोडले जातात, फोटो निघतात. यात गैर काहीच नाही, चालत येऊन मत मागणं हा प्रचाराचा सगळ्यात जुना आणि स्वस्त मार्ग आहे. पण बाजाराच्या वेळी तासभर रस्ता अडला तर नुकसान कुणाचं होतं? पाटीतला बर्फ वितळतो, गिऱ्हाईक दुसऱ्या वाटेनं निघून जातं आणि दुपारी तीच मासळी निम्म्या भावात काढावी लागते.

'नेत्यांना कोण अडवणार' असं म्हणून आपण गप्प बसतो. पण पायी प्रचाराला स्पष्ट नियम आहेत. ते माहीत असले तर भांडण न करता आपलं काम होतं. म्हणून हा पाठ. घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

1. नियम कधीपासून लागू होतात?

निवडणूक आयोग ज्या दिवशी कार्यक्रम जाहीर करतो, त्या क्षणापासून आदर्श आचारसंहिता लागू होते. अर्ज भरायला सुरुवात होण्याची वाट बघावी लागत नाही. 2023 च्या कर्नाटक विधानसभेचा कार्यक्रम 29 मार्चला जाहीर झाला आणि मतदान 10 मे रोजी झालं. म्हणजे सहा आठवडे आचारसंहिता होती. विधानसभा आणि लोकसभा भारत निवडणूक आयोगाकडे असते. नगरपालिका, ग्रामपंचायत, तालुका आणि जिल्हा पंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्याची स्वतःची आचारसंहिता असते. खाली सांगितलेलं मुख्यतः विधानसभा-लोकसभेसाठी आहे.

2. पदयात्रा म्हणजे कायद्याच्या भाषेत मिरवणूक

आचारसंहितेत मिरवणुकीचा वेगळा भाग आहे. त्यातले मुद्दे असे:

• कुठून निघणार, किती वाजता, कोणत्या रस्त्यानं जाणार, कुठे आणि कधी संपणार, हे आधी ठरवायचं आणि पोलिसांना आधी कळवायचं. एकदा ठरलेला मार्ग सहसा बदलायचा नाही.
• त्या भागात जमावबंदी किंवा दुसरा काही मनाई आदेश आहे का, ते आयोजकांनी आधी बघायचं.
• वाहतूक अडता कामा नये. मिरवणूक लांबलचक असेल तर तिचे तुकडे करायचे आणि मधेमधे, विशेषतः चौकात, गाड्यांना वाट द्यायची.
• शक्यतो रस्त्याच्या उजव्या कडेनं चालायचं आणि ड्युटीवरच्या पोलिसांचं ऐकायचं.
• दोन पक्षांची मिरवणूक एकाच वेळी एकाच रस्त्यावर येणार असेल, तर दोघांनी आधी बोलून वेळ ठरवून घ्यायची.
• विरोधकाचा पुतळा घेऊन फिरायचं नाही, जाळायचा तर नाहीच.
• ध्वनिक्षेपक रात्री 10 ते सकाळी 6 बंद.

आता आपल्या कामाची गोष्ट. मार्ग आधी कळवावा लागतो, म्हणजे तो आधी बदलूनही घेता येतो. बाजाराचा दिवस आणि मासळी विक्रीची वेळ लिहून संस्थेच्या लेटरहेडवर पोलीस ठाण्याला आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना अर्ज द्या. 'या वेळेत या रस्त्यावरून मिरवणुकीला परवानगी देताना विक्रेत्यांचा विचार व्हावा' एवढं पुरे. अर्ज एका पक्षाविरुद्ध नको, सगळ्यांसाठी सारखा असावा. पोच घ्यायला विसरू नका.

पदयात्रेवर आयोगाचा अधिकार किती चालतो, हे गोव्यात दिसलं. 2022 च्या जानेवारीत कोविडमुळे आयोगानं गोव्यासह पाच राज्यांत पदयात्रा थेट बंद केल्या. घरोघरी प्रचाराला सुरुवातीला फक्त पाच जण, मग दहा, मग वीस अशी मुभा मिळत गेली. मतदानाच्या दोन दिवस आधी, 12 फेब्रुवारीला, पदयात्रेला ठरावीक संख्येत परवानगी मिळाली. ते मोठमोठ्या पक्षांनाही लागू होतं. 'आमचा नेता चालणारच' ही भाषा तिथं चालली नाही.

3. घर, भिंत आणि होडी तुमची आहे

प्रत्येकाच्या शांत घरगुती आयुष्याचा मान राखायचा, असं आचारसंहिता सांगते. तुम्ही दुसऱ्या पक्षाचे आहात म्हणून तुमच्या दारात घोषणाबाजी किंवा धरणं धरता येत नाही. तुमच्या भिंतीवर, कुंपणावर, होडीवर परवानगीशिवाय झेंडा, पोस्टर, रंगकाम करता येत नाही. संस्थेची इमारत सगळ्या सभासदांची. चेअरमननं तोंडी 'लावा' म्हटलं म्हणून एका पक्षाचा बॅनर तिथं लागू नये.

दुसरी बाजूही ऐका. हौसेपोटी आपल्याच खर्चानं उमेदवाराचे बॅनर छापणारे होडीमालक असतात. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर पैसे खर्च करणं हा गुन्हा आहे. आणि पत्रक कुणाचंही असो, त्यावर छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव-पत्ता हवाच. नाव नसलेलं पत्रक वाटू नका.

लहान मुलांना झेंडा देऊन पदयात्रेत पुढे चालवणं, घोषणा द्यायला लावणं यावर आयोगानं फेब्रुवारी 2024 मध्ये सक्त मनाई केली आहे. आईबापासोबत मूल नुसतं रस्त्याकडेला उभं असेल तर हरकत नाही.

4. चालताना काय बोलता येत नाही

देवळात, मशिदीत, चर्चमध्ये प्रचार करायचा नाही. जातीच्या, धर्माच्या नावानं मत मागायचं नाही. 'आपल्या समाजाचा माणूस आहे, भोई-कोळ्यांनी दुसरीकडे बघायचं नाही' असं आवाहन उमेदवारानं केलं तर ते लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 खाली भ्रष्ट आचरण ठरू शकतं आणि निवडून आलेली जागाही जाऊ शकते.

आपल्या सीमाभागात खरा प्रश्न भाषेचा. याच कलमात भाषाही आहे. 2 जानेवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी, चार विरुद्ध तीन मतांनी, सांगितलं की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचाही धर्म, जात, भाषा यांच्या नावानं मत मागता येत नाही. मग मराठी पाट्यांची, मराठीत कागदपत्रांची मागणी करायचीच नाही का? करता येते. 1964 मध्ये याच न्यायालयानं जगदेव सिंह सिद्धांती यांच्या खटल्यात म्हटलं आहे की, आपली भाषा जपण्याचा हक्क घटनेच्या कलम 29 नं दिला आहे आणि त्यासाठी चळवळ करणं म्हणजे भ्रष्ट आचरण नव्हे. फरक ध्यानात ठेवा. भाषेच्या हक्कासाठी बोलणं वेगळं आणि 'मी मराठी, तो कन्नड, म्हणून मला मत द्या' म्हणणं वेगळं.

5. जाळी, जेवण, पाकीट

पदयात्रेच्या मागून एक माणूस चालत असतो, तो वेगळंच बोलतो. 'संस्थेला जाळी देतो', 'देवळाला देणगी देतो', 'रात्री जेवायला या'. मतासाठी दिलेली वस्तू, पैसा, जेवण, दारू ही लाच आहे. देणारा जेवढा गुन्हेगार तेवढाच घेणारा. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नुसतं खाणंपिणं असेल तर दंड. संस्थेच्या नावानं घेतलं म्हणून सुटका होत नाही, उलट संस्था अडकते.

6. शेवटचे 48 तास

मतदान संपण्याच्या वेळेआधी 48 तास सभा आणि मिरवणूक बंद. 2023 मध्ये मतदान संध्याकाळी 6 ला संपणार होतं, म्हणून 8 मे च्या संध्याकाळी 6 ला जाहीर प्रचार थांबला. इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. कलम 126 नुसतं मिरवणूक काढणाऱ्याला लागू नाही, तिच्यात सामील होणाऱ्यालाही लागू आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या काळात शांतपणे घरोघरी भेटायला हरकत नसते. पण झेंडे, घोषणा, घोळका आला की ती मिरवणूकच.

निपाणीच्या हद्दीला लागून कागल तालुका. तिकडून प्रचाराला आलेले, या मतदारसंघाचे मतदार नसलेले कार्यकर्ते प्रचार संपला की मतदारसंघाबाहेर गेले पाहिजेत. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून 100 मीटरच्या आत मत मागता येत नाही. उमेदवाराचं टेबल 200 मीटरच्या पलीकडे हवं आणि तिथून मिळणाऱ्या चिठ्ठीवर पक्षाचं नाव किंवा चिन्ह नको.

7. होडीमालकांसाठी खास

पावसाळ्यात जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज इथले बंधारे पाण्याखाली गेले की सगळ्यांना होडी आठवते. निवडणुकीतही आठवते.

• उमेदवारानं किंवा त्याच्या माणसानं होडी भाड्यानं घेऊन मतदारांना फुकट केंद्रावर नेणं हे भ्रष्ट आचरण आहे. कायद्यात गाडीबरोबर जलयानही लिहिलेलं आहे. असं भाडं घेऊ नका.
• मतदारांनी स्वतः वर्गणी काढून वल्ह्याची होडी ठरवली तर त्याला मुभा आहे. इंजिनाच्या होडीला ही सूट नाही.
• मतपेट्या, यंत्रं, कर्मचारी किंवा पोलीस नेण्यासाठी सरकार कलम 160 खाली होडी ताब्यात घेऊ शकतं. पण आदेश लेखी हवा आणि कलम 161 प्रमाणे परिसरातल्या चालू दरानं मोबदला मिळायला हवा. आदेशाची प्रत जपून ठेवा.

8. तक्रार कशी करायची

रस्त्यावर वाद घालू नका. मोबाईलमध्ये सी-व्हिजिल ॲप घ्या. जागेवरच ॲपमधून फोटो किंवा व्हिडिओ काढून पाठवायचा, जुना फोटो चालत नाही. नाव न देताही तक्रार करता येते आणि 100 मिनिटांत निपटारा करायचा असं बंधन आहे. ॲप जमत नसेल तर 1950 वर फोन करा.

उमेदवार दारात आला तर पाणी विचारा, ती आपली रीत आहे. त्याच्याशी बोला, संस्थेच्या तलावाच्या ठेक्याचं, बर्फाचं, बाजारातल्या ओट्यांचं विचारा. आणि त्याची माणसं रस्ता अडवून उभी राहिली, तर हात जोडून सांगा, 'साहेब, गाड्यांना वाट द्यायची हे आचारसंहितेतच लिहिलंय.'

हा पाठ आपल्या घाटावरच्या, बाजारातल्या सगळ्यांपर्यंत पोचवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.