मृगाआधी परसबागेत गादीवाफे करा

काळ्या जमिनीतल्या परसबागेत पावसाळ्यात रोपे दगावतात, ती बहुतेक वेळा पाणी साचून. चिकण माती पाणी पिऊन फुगते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळे गुदमरतात. पाने पिवळी पडली की आपण युरिया टाकतो. मुळांना हवी असते ती हवा. यावर गादीवाफ्याइतका स्वस्त उपाय नाही. पण तो मृगाआधीच करायचा. एकदा पाऊस लागला की वाफसा येईपर्यंत काळ्या मातीला हात लावू नये. ओल्यात फावडे चालवले तर नुसती ढेकळे होतात.

वाफा रुंद करण्याचा मोह टाळा. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, म्हणून रुंदी 1 मीटर पुरे, लांबी जागेप्रमाणे. भारी जमिनीत उंची 20 ते 30 सेंमी ठेवा, कारण पहिल्या जोरदार सरींनी माती खाली बसतेच. दोन वाफ्यांमध्ये 45 सेंमीची सरी काढून तिला बाहेर उतार द्या. हा उतार चुकला तर बाकीची मेहनत वाया. सरीच्या सखल टोकाला अळू लावा, त्याला ओल मानवते. कडेला विटा किंवा दगड रचा, पण सांधे सिमेंटने भरू नका. पाणी झिरपायला वाट हवी. लाकडी फळ्यांना वाळवी लागते.

दोन घमेली मातीला एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत मिसळा. ताजे शेण नकोच, त्यातून हुमणी येते. थोड्याशा वाळूने चिकण माती मोकळी होत नाही. ते काम दरवर्षी घातलेल्या शेणखताचे आणि पालापाचोळ्याचे. मिरची-वांग्याची रोपे बुडाशी कुजून कोलमडत असतील, तर शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून ते आठवडाभर सावलीत ओलसर ठेवा, मग वाफ्यात घाला.

भेंडी, गवार, चवळी ओळीत टोकून लावा. दोडका, कारले वाफ्याच्या उत्तर टोकाला मांडवावर चढवा, म्हणजे इतर भाज्यांवर सावली पडत नाही. उगवण झाल्यावर ओळींमध्ये गव्हाचे काड किंवा पाचट पसरा. पावसाच्या माऱ्याने माती वाहत नाही आणि तणही कमी येते.

उंच वाफा लवकर सुकतो, त्यामुळे फेब्रुवारीनंतर आच्छादन जाड करा किंवा सरळ सपाट वाफ्यात लागवड करा. आणि घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा: चालायचे ते सरीतून, वाफ्यावर पाय द्यायचा नाही.