नवी मुंबई ते नागपूर : अंतर आणि वेळ

२५ डिसेंबर २०२५ रोजी आपल्या रायगड जिल्ह्यातील उलवे येथील विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. तेव्हा वसतिगृहातील मुलांनी आम्हांस विचारले, "सर, दीक्षाभूमी आता किती जवळ आली?"

आम्ही नकाशा उघडला. नवी मुंबई विमानतळ सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर व ७३.१ अंश पूर्व रेखांशावर आहे; नागपूरचा २१.१ व ७९.१ वर. अक्षांशांतील फरक २.१ अंश. एका अंशास १११ किलोमीटर धरले, तर २३३ किलोमीटर होतात. रेखांशांतील अंतर मात्र ध्रुवाकडे आकसत जाते. आपल्याकडे एका अंशास साडेचौऱ्याण्णव नव्हे, साडेएकशेचार किलोमीटर भरतात (एका मुलाने घाईत नेमकी हीच चूक केली होती). सहा अंशांचे ६२७ झाले. पायथागोरसच्या सिद्धान्ताने कर्ण काढला, तो सुमारे ६७० किलोमीटर. मुंबईच्या जुन्या विमानतळापासून हेच अंतर पंधराएक किलोमीटरने अधिक आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाचा त्यात जेमतेम एक मिनिट वाचतो!

खरी बचत रस्त्यावरची आहे. महाडच्या माणसाला आता खाडी ओलांडून मुंबईच्या गर्दीत शिरावे लागत नाही. तरीही पनवेलपर्यंतचे तीनएक तास, विमानतळावर आधी पोहोचण्याचे दोन तास आणि धावपट्टीवरील खोळंबा धरला, तर सहा-सात तासांच्या प्रवासात सरळ उड्डाणाची मिनिटे पन्नासच. (या विमानतळासाठी दहा गावांना आपली घरे सोडावी लागली, हेही मुलांनी वहीत लिहून घ्यावे, असा आमचा आग्रह असतो.)

मुंबई-नागपूर लोहमार्ग ८३७ किलोमीटरचा आहे. १९५६ साली धम्मदीक्षेसाठी लाखो लोक मिळेल त्या वाहनाने व पायी नागपुरास पोहोचले. बाबासाहेब ११ ऑक्टोबरला दिल्लीहून विमानाने आले. हे हवाई अंतर सुमारे ८५५ किलोमीटर आहे. त्या काळी प्रचलित असलेल्या डाकोटा विमानाचा वेग ताशी पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर. म्हणजे त्यास तीन तास लागले असते. प्रकृती ढासळलेल्या माणसासाठी तेवढा प्रवासही सोपा नव्हता.

यावर एका मुलीने विचारले, "आणि बाबासाहेब महाडला कसे आले?" आम्ही पुन्हा पट्टी ठेवली. मुंबई ते दासगाव सरळ रेषेत ११० किलोमीटरच्या आसपास. आजच्या विमानास आठ-नऊ मिनिटांचे. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब शेकडो सहकाऱ्यांसह मुंबईहून बोटीने निघाले. किनाऱ्याकिनाऱ्याने, मग सावित्रीच्या खाडीतून ते दासगाव बंदरास लागले, तेव्हा २५ डिसेंबरची दुपार झाली होती. धक्क्यावर हजारो सत्याग्रही वाट पाहत होते. तेथून महाड आणखी पाच मैल होते. सत्याग्रही पायी निघाले आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.