चलानावरचा आकडा काय सांगतो?

मोटारीच्या अतिवेगाबद्दल झालेल्या दंडाची एक फार जुनी नोंद इंग्लंडमधील केंट परगण्यातली आहे. १८९६ च्या जानेवारीत वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ आपली मोटार ताशी सुमारे ८ मैल, म्हणजे १३ किलोमीटर वेगाने हाकीत होते. गावातून जाताना त्या काळची मर्यादा होती ताशी २ मैल! पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्यांना गाठले आणि पुढे त्यांना एक शिलिंग दंड झाला.

आज पोलिसाला सायकल दामटावी लागत नाही. रस्त्याकडेचे यंत्र वेग मोजते आणि गाडीच्या मालकाच्या मोबाईलवर ई-चलान येऊन पडते. समजा, अठरा वर्षे पूर्ण करून नुकतेच लायसन मिळविलेल्या एका मुलाने वडिलांची मोटार बाहेर काढली, आणि काही दिवसांनी चलान आले : ‘मर्यादा ताशी ५० कि.मी., नोंदलेला वेग ताशी ७० कि.मी.’ मुलगा म्हणतो, “बाबा, वीसच तर जास्त होता!” हा आकडा यंत्राला कसा कळला, तो कितपत खरा मानावा आणि खरा असेल तर त्याचा अर्थ काय, हे आपण क्रमाने पाहू.

यंत्राला वेग कसा कळतो?

शिट्टी वाजवीत येणारी आगगाडी आपल्यासमोरून पुढे गेली की शिट्टीचा स्वर एकदम खाली उतरतो, हे तुम्ही फलाटावर उभे असताना ऐकले असेल. उगम आपल्याकडे येत असेल तर लहरींची वारंवारता वाढलेली भासते आणि दूर जात असेल तर घटलेली भासते. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली हा परिणाम मांडला. १८४५ साली हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी चक्क आगगाडीत कर्णेवाले बसवून त्याचा पडताळा घेतला.

पोलिसांचे रडार याच तत्त्वावर चालते. फक्त ध्वनीऐवजी सूक्ष्मतरंग वापरले जातात. अनेक रडारयंत्रे सेकंदाला सुमारे २४ अब्ज कंपनांचे तरंग सोडतात. ते समोरून येणाऱ्या गाडीवर आपटून परततात तेव्हा त्यांची वारंवारता किंचित वाढलेली असते. ताशी ५० कि.मी. वेगाला ही वाढ सेकंदाला सुमारे २,२०० कंपने, तर ताशी ७० ला सुमारे ३,१०० कंपने भरते. २४ अब्जांच्या मानाने हा फरक नगण्य वाटतो, पण इलेक्ट्रॉनिक मंडलाला तो सहज मोजता येतो.

दुसऱ्या प्रकारचे यंत्र लेझर प्रकाशाचे स्पंद सोडते. १०० मीटरवरच्या गाडीपर्यंत जाऊन परत यायला प्रकाशाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचाही सुमारे दोन-तृतीयांश एवढाच वेळ लागतो. असे अनेक स्पंद पाठोपाठ सोडून गाडीचे अंतर कसे बदलत गेले हे यंत्र पाहते आणि त्यावरून वेग काढते.

आकडा कितपत खरा?

कोणतेही मोजमाप डोळे मिटून स्वीकारू नये, हा विज्ञानाचा नियमच आहे. आनंदाची गोष्ट अशी, की कायदाही तेच म्हणतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८३ नुसार, केवळ एका साक्षीदाराच्या मते गाडी फार वेगात होती एवढ्यावरून कोणाला दोषी ठरविता येत नाही. त्या मताला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाच्या मोजमापाचा आधार हवा. डोळ्यांचा अंदाज फसवा असतो, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

यंत्राच्याही मर्यादा असतात. गाडी यंत्राच्या अगदी समोरून न येता २० अंशांच्या कोनात येत असेल, आणि कोनाचा हिशेब धरला नसेल, तर ताशी ७० चा वेग सुमारे ६६ दिसतो. म्हणजे ही त्रुटी चालकाच्या फायद्याचीच असते. मात्र दोन गाड्या जवळजवळ असतील तर तरंग नक्की कोणत्या गाडीवरून परतले, हा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून आकड्याइतकेच सोबतचे छायाचित्र महत्त्वाचे असते.

‘वीसच तर जास्त!’

आता आकडा खरा आहे असे समजू. चालत्या गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ५० चा वर्ग २,५०० आणि ७० चा ४,९००. म्हणजे वेग ४० टक्क्यांनी वाढला, पण ऊर्जा जवळजवळ दुप्पट झाली. ही सारी ऊर्जा ब्रेकना शोषून घ्यावी लागते.

एक हिशेब मांडू. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत १ सेकंद जातो आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंदाने घटतो, असे धरू. ताशी ५० ची गाडी त्या पहिल्या सेकंदात १४ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी १४ मीटर. २८ मीटरांत ती थांबते. बरोबर २८ मीटरांवर एक मूल चेंडूमागे रस्त्यावर आले असेल, तर गाडी त्याच्या पुढ्यात थांबेल.

ताशी ७० ची गाडी पहिल्या सेकंदातच १९ मीटर गेलेली असते. मुलापर्यंत उरतात ९ मीटरांहून कमी, आणि थांबायला तर २७ मीटर हवेत. त्या मुलापाशी ती पोहोचते तेव्हा तिचा वेग किती उरलेला असेल? २० नव्हे, ताशी सुमारे ५८ किलोमीटर! पहिली गाडी जिथे थांबली, तिथे दुसरी गाडी पहिलीच्या मूळ वेगापेक्षाही जास्त वेगाने आदळते.

आणि या जादा वेगाने मिळाले काय? पाच किलोमीटरच्या वाटेवर ५० ऐवजी ७० ने सलग जाता आले, तरी वाचतात अवघी १ मिनिट ४३ सेकंदे.

चलान आले, आता काय?

प्रथम, ते लपवू नये. चलान गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे जाते. दुसरे, चलानाच्या नावाने पैसे उकळणारे खोटे संदेशही येतात. म्हणून संदेशातील दुव्यावर बोट न ठेवता शासनाच्या परिवहन संकेतस्थळावर स्वतः जाऊन पाहावे. तिसरे, तारीख, वेळ, ठिकाण, नंबरप्लेट, छायाचित्र आणि वेग नीट पडताळावा. सारे बरोबर असेल तर दंड मुदतीत भरावा. चूक आढळली तर पुराव्यासह तक्रार करावी; न्यायालयात बाजू मांडण्याचा हक्क सर्वांनाच आहे. गप्प बसणे हा मात्र उपाय नव्हे.

२०१९ च्या दुरुस्तीने हलक्या मोटार वाहनाच्या अतिवेगाला १,००० ते २,००० रुपये दंड ठरविला. दुसऱ्या वेळी परवानाही अडकवून ठेवण्याची तरतूद केली. अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना चालविता येते ती ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी, तीही परवाना काढूनच. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटरींचे इंजिन याहून बरेच मोठे असते.

करून पाहा

मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाशी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी तुमची दोन बोटे न टेकवता ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की ती पकडा. २० सें.मी. वर पकडली तर तुमचा प्रतिक्रियाकाल सुमारे ०.२ सेकंद. ही सावध बसलेल्या माणसाची गोष्ट झाली. चालकाला धोका ओळखून पाय ब्रेकवर न्यायचा असतो, म्हणून वर आपण १ सेकंद धरला. आता मित्राशी गप्पा मारीत हाच प्रयोग करा आणि फरक लिहून ठेवा.

स्वाध्याय

१. पावसात रस्ता ओला झाल्याने वेग दर सेकंदाला ३.५ मीटर प्रतिसेकंदानेच घटतो असे धरून ताशी ५० व ७० च्या गाड्यांची थांबण्याची अंतरे काढा.

२. शाळेच्या फाटकासमोरचा रस्ता पावलांनी मोजा. किती अंतरावरून येणारी गाडी दिसते? तेवढ्या अंतरात थांबण्यासाठी तिचा वेग जास्तीत जास्त किती असावा?

३. दोन कॅमेऱ्यांमधील अंतर २ कि.मी. आहे आणि मर्यादा ताशी ८० कि.मी. एका गाडीने हे अंतर ७२ सेकंदांत कापले. चालक म्हणतो, “दोन्ही कॅमेऱ्यांपाशी माझा वेग ८० च्या आतच होता.” त्याचे म्हणणे खरे असेल, तरीही त्याने मर्यादा ओलांडली हे सिद्ध करता येईल का? वर्गात चर्चा करा.