हातपाय गार पडतात? पॅकेज घेण्याआधी हे वाचा

विशी-पंचविशीतल्या मुलींचे हातपाय गार पडणं बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. तरी तपासायचंच असेल, तर पहिल्या फेरीत दोनच तपासण्या पुरतात: सीबीसी आणि टीएसएच. म्हणजे रक्त कमी आहे का आणि थायरॉईड मंद आहे का. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर अॅनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना तो आढळला.

मुळशी तालुक्यातल्या भरे गावात राहत असाल, तर घोटावडे फाट्यावर या आणि पौडचं ग्रामीण रुग्णालय गाठा, तेही सकाळच्या ओपीडीला. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. आधार आणि मोबाईल सोबत ठेवा. या दोन तपासण्यांसाठी उपाशी राहायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर थायरॉईडचा रिपोर्ट फसवा येतो.

कारखान्यात कामाला आहात आणि पगार २१ हजारांपर्यंत आहे? मग ईएसआयचे (कामगार विम्याचे) पैसे तुमच्या पगारातून कापले जातात का ते पाहा. जात असतील तर ई-पहचान कार्ड घेऊन तुमच्या नावावरच्या दवाखान्यात जा. फुले जनआरोग्य योजनेच्या कार्डावर मात्र बाह्यरुग्ण तपासण्या होत नाहीत. 'कार्डात बसवून देतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

खासगी लॅबमध्ये सीबीसी आणि टीएसएच मिळून साधारण पाचशे ते आठशे रुपये होतात. फेरिटिनचे (शरीरातल्या लोहसाठ्याच्या तपासणीचे) वेगळे, आणि ती डॉक्टरांनी सांगितलं तरच करा. खरा खर्च 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये लपलेला असतो: सत्तर तपासण्या, त्यात बऱ्याचदा फेरिटिन नाहीच, वर घरी येऊन रक्त नेण्याचे पैसे वेगळे. रक्त देण्याआधीच विचारा: एकूण किती, रिपोर्ट कधी?

गारवा मोजायला कपाळाची थर्मामीटर-गन विकत घेऊ नका. ती बोटांसाठी नाही. त्याऐवजी मोबाईल वापरा. गार पाण्यात भांडी घासल्यावर बोटं पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर उजेडात फोटो काढा. कोणती बोटं आणि किती मिनिटं, तेही लिहून ठेवा. बोटांच्या अशा रंग बदलण्याला रेनॉड म्हणतात. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा हा फोटो जास्त सांगतो. पुढची पायरी संधिवाततज्ज्ञ: ते नखाच्या मुळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्या भिंगाखाली पाहतात आणि गरज असेल तरच एएनए ही रक्ततपासणी करायला सांगतात. ती तपासणी महाग, म्हणून स्वतःहून करू नका.

मिश्री लावत असाल किंवा मायग्रेनसाठी प्रोप्रानोलॉल घेत असाल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. दोन्हींमुळे बोटं गार पडू शकतात. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

एकच हात गार पडत असेल, बोटावर जखम भरत नसेल किंवा टोक काळं पडत असेल, तर ओपीडीच्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा.